मेळ शंभर

पडद्यावर शंभरचा आकडा आला तेव्हा हेमांगी राऊळने आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे.

रवळनाथाच्या देवळाचा सभामंडप माणसांनी भरला होता. कोंडसडे गावाची ग्रामसभा पूर्वापार इथेच भरत आली होती. खांबाला टांगलेल्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'मेळ शंभर' असं लिहून आलं होतं. त्याचा अर्थ असा की गावावरचा सडा, तो जांभ्या दगडाचा लांबरुंद उघडा माळ, डेटा सेंटरला कराराने द्यायला सभेतला प्रत्येक माणूस मनापासून राजी होता. सरपंच नमिता परब यांनी हात जोडले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

हेमांगी राजी नव्हती. मतदार यादीत तिचं नाव अजून याच गावात होतं आणि रजा टाकून ती पुण्याहून आली होती ती विरोध नोंदवण्यासाठीच. सडा पावसाचं पाणी पितो आणि ते मे महिन्यापर्यंत झऱ्यातून थोडं थोडं सोडतो. तिच्या काकांच्या घरामागचा झरा त्याच पाण्यावर होता, गावातल्या सगळ्या सुपारीच्या बागाही. डेटा सेंटरला यंत्रं थंड ठेवायला हेच पाणी हवं होतं.

म्हणजे आकडा निदान एका माणसाने तरी चुकला होता, आणि तो माणूस ती स्वतः होती.

दुसऱ्या कुणाला हे एवढं टोचलं नसतं. पण राज्यातली सगळी मेळयंत्रं ज्या प्रयोगशाळेत तपासून बाहेर पडत, तिथेच ती कामाला होती.

मेळयंत्र दिसायला छताला चिकटवलेल्या ताटलीसारखं असतं. त्यातून अतिशय सौम्य लहरी निघतात, माणसांच्या छातीवरून परततात, आणि परतताना छातीची हालचाल सांगतात. कोण कधी श्वास घेतंय, कुणाचं हृदय कसं चालतंय, हे कुणालाही हात न लावता कळतं. पटणारी गोष्ट ऐकणाऱ्या माणसांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात आणि हृदयाचे ठोके त्यांच्यामागून जातात. न पटणाऱ्या माणसाची लय सुटते. अशी कितीजणांची लय जुळली, तो आकडा म्हणजे मेळ. कुणाची लय सुटली हे यंत्र सांगत नाही. सत्तरच्या वर मेळ आला की ठराव मंजूर.

हे आलं तेव्हा हेमांगीला फार बरं वाटलं होतं. लहानपणी तिने याच मंडपात हात वर होताना पाहिले होते. आधी खोताच्या घरातला हात वर जायचा, मग त्याच्या कुळांचे, मग त्यांच्याकडे बघत बाकीचे. बायका मागे बसायच्या आणि पुढच्या पाठी बघून हात उचलायच्या. यंत्राला पाठी दिसत नव्हत्या. माणूस घाबरून हात वर करेल, पण घाबरून दुसऱ्याच्या लयीत श्वास घेणार नाही, असं तिनेच एका व्याख्यानात सांगितलं होतं.

घरी आल्यावर तिने काकीला विचारलं. काकी पडवीत सुपारी कातरत बसली होती.

"काकी, तू राजी होतंस?"

"कसल्याक?"

"सडो कंपनीक देवक."

काकीचा अडकित्ता थांबला. "माका तर वाटत होता, नको. सडो गेलो की झरो जातलो, येवढा माका कळता."

"मगे शंभर कसो इलो?"

"तां माका काय विचारतंस? तुझाच यंत्र मां?" काकी हसली, पण लगेच गंभीर झाली. "आकडो इलो तेव्हा माका वाटला, म्हणजे आतल्यान माझा होयच असतला. आपल्याक आपला मन सगळा खय कळता, बाय?"

हेमांगीही परतीच्या वाटेवर हाच विचार करत आली होती. डेटा सेंटरमुळे रस्ता होणार, दवाखाना येणार, हे तिने वाचलं होतं. कुठेतरी खोलवर तिला ते पटलं असेल का? यंत्र तिच्यापेक्षा तिला जास्त ओळखत असेल का? ही शंका तिला सगळ्यात वाईट वाटली, कारण ती कुठल्याही उपकरणाने तपासता येणार नव्हती. तपासता येण्यासारखी गोष्ट एकच होती.

सभा नसताना यंत्र ग्रामपंचायतीच्या कचेरीत काढून ठेवलेलं असे आणि ते सांभाळायचं काम सूर्याकडे होतं. सूर्या म्हणजे काकांचा मुलगा. संगणकाची पदविका घेऊन तो मुंबईला गेला, दोन नोकऱ्या बदलून परत आला आणि आता पंचायतीत दाखले छापून देत होता. डेटा सेंटरमध्ये तंत्रज्ञ घेणार आहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"माका यंत्र बघूचा आसा," हेमांगी म्हणाली.

सूर्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरच राहू दिला. "बघूचा की झडती घेवची?"

"आकडो चुकलो हा, सूर्या."

"आणि चुकवल्यान कोणी? ताई, सरळ बोल. माका थंय नोकरी गावतली म्हणान मी आकडो फिरवलंय, असाच मां?"

"मी असा म्हणूक नाय."

"म्हणूक नाय, पण तोंडार दिसता." त्याने किल्ली तिच्याकडे सरकवली. "घे. सगळा उघडून बघ. मगे माका चाय पाज."

तिने सगळं उघडून पाहिलं. आतले भाग जागेवर होते. मोजणीची आज्ञावली मूळचीच होती, तिला कुणी हात लावलेला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रयोगशाळेचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली तपासनिसाची आद्याक्षरं. ती तिचीच होती. कुठल्यातरी दुपारी, शेकडो ताटल्यांमधली एक म्हणून, हे यंत्र तिनेच पास केलं होतं.

"गावला काय?" सूर्याने दारातून विचारलं.

"नाय."

"मगे चाय."

तिने चहा पाजला. तो भजीसुद्धा मागवून बसला. पण बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. तो हसत होता आणि ती त्याच्या हसण्याकडे बघत होती. हे त्यालाही कळत होतं.

उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी. शेजारच्या मेस्त्रींच्या मुलाने नवी मोटारसायकल आणली होती आणि ती देवापुढे उभी करून गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने विनवणी, घालायचं होतं. गावात काहीही नवं आलं, कुणी प्रवासाला निघालं, कुणाचं लग्न ठरलं की गाऱ्हाणं होतंच. आणि ते घालायचे बाबल राऊळ, म्हणजे हेमांगीचे काका. मंडपातल्या लहरींमध्ये कसला व्यत्यय येतो का, हे बघायला तिने पिशवीत मेळ मोजणारं तपासणीचं लहान यंत्र चालू करून ठेवलं होतं. लोक जमले म्हणून तिनेही हात जोडले.

"बा देवा रवळनाथा," काकांनी सुरुवात केली, "आज मेस्त्र्याच्या झिलान जी काय ही गाडी तुझ्या पायाशी आणल्यान हा, तिच्या चाकाक बळ दी, तिच्या बिरेकाक अक्कल दी..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"आणि झिलाक बिरेकाचो वापर करूची बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा."

हसू आवरत हेमांगीने सहज पिशवीत नजर टाकली. लहान पडद्यावर एक रेघ पायऱ्यांसारखी चढत होती. काकांचं लांब वाक्य चालू असताना ती सपाट राहायची. "व्हय म्हाराजा" झालं की एक पायरी वर. सगळेजण वाक्य संपेपर्यंत श्वास धरत होते आणि एकाच क्षणी तो सोडत होते. पुढचा श्वासही मग एकाच क्षणी घेतला जात होता. गाऱ्हाणं संपेपर्यंत मंडपातली सगळी माणसं एका छातीने श्वास घेत होती. आकडा अठ्ठ्याण्णव होता, आणि कुणाला काहीही विचारलेलं नव्हतं.

परवाच्या सभेतही असंच झालं होतं. आधी ठराव वाचला, मग काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि मग यंत्राने माप घेतलं. ती स्वतः लहानपणापासूनच्या सवयीने प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" म्हणाली होती.

तिला एकदम मोकळं वाटलं. तिचं मन तिचंच होतं. काकीचंही काकीचंच होतं.

त्या दुपारी तिने सबनीस सरांना फोन केला. ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि शांतपणे ऐकून घेण्याबद्दल प्रसिद्ध होते.

"सर, हे यंत्र आपण विद्यार्थ्यांवर तपासलं. वेगवेगळ्या खुर्च्यांवर गप्प बसून वाचणाऱ्या मुलांवर. पण सभा अशी कुठेच सुरू होत नाही. कुठे गाण्याने होते, कुठे चहाने, कुठे भांडणाने. ईशान्येकडे मी एका गावात गेले होते, तिथे ज्याला पटत नाही तो उठून बाहेर जातो, आणि तो परत येईपर्यंत सभा थांबते. यंत्र बसवण्याआधी आपण कुणाला विचारलं का, की तुमच्याकडे 'नाही' कसं म्हणतात?"

"रोचक आहे," सबनीस म्हणाले. "म्हणजे एकत्र उच्चार केला की मेळ चढतो. कितीने?"

"शंभरपर्यंत, सर. प्रश्न काहीही असो."

"आणि टिकतो किती वेळ?"

तिने सांगितलं. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला. "चांगलं निरीक्षण आहे. हे मात्र आपल्यातच ठेव. बाहेर गेलं तर गोपनीयतेचा भंग होईल, आणि मग मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही. तू सभासद म्हणून आक्षेप नोंदव, दुसरी सभा लागेल. बाकी मी बघतो."

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं.

दुसऱ्या सभेची तारीख लागली, आणि सभेच्या आदल्या आठवड्यात राज्यभर नवं परिपत्रक आलं. 'सभेचे वातावरण सौहार्दपूर्ण राहावे म्हणून मेळमापनापूर्वी सर्व उपस्थितांनी सामूहिक गीत अथवा प्रार्थना म्हणणे अनिवार्य राहील.' किती वेळ म्हणायचं तेही दिलं होतं. तेवढा वेळ पुरतो हे फक्त तिलाच माहीत होतं. आणि जिला तिने सांगितलं होतं, त्या प्रयोगशाळेला.

दोष दुरुस्त होणार नव्हता. तिने शोधलेला दोष आता नियम झाला होता. गावातच नव्हे, नगरपालिकांत, जिल्हा परिषदांत, जिथे जिथे ती ताटली छताला होती तिथे लोक आधी गाणार होते आणि मग राजी होणार होते.

ती काकांकडे गेली. ते झऱ्यावर घागर लावून बसले होते. मार्चमध्ये धार बारीक होते, घागर भरायला वेळ लागतो. तिने त्यांना सगळं सांगितलं, श्वासाचं, पायऱ्यांचं, परिपत्रकाचं. हे बोलल्याने तिची नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं.

काकांनी धारेखालची घागर जरा सरळ केली.

"म्हणजे माझ्या गाऱ्हान्यान गाव फसलो."

"तुमची काय चूक नाय, काका."

"गाऱ्हाना आमी सभेच्या सुरवातीक घालत हुतो," ते म्हणाले. "कायम. ह्या टायमाक सरपंचान सांगल्यान, ठराव वाचल्यार घाला. मी विचारलंय, कित्याक? तर म्हणाली, देवाच्या पायाशी ठराव ठेवलेलो बरो दिसता."

"तिका म्हायत होता?"

"तां मी कसा सांगू? कोणी तिका सांगल्यान असात, कोणी सांगूक नसात. तू सूर्यावर पण संशय घेतलंस मां?"

हेमांगीचा चेहरा उतरला. "तेणी सांगल्यान?"

"तो कित्याक सांगतलो? तुका चाय पाजूक लावल्यान म्हणून हसत इलो, आणि जेवलो नाय. बापाशीक कळता." त्यांनी घागर उचलून खांद्यावर घेतली. "सभेक ये. गाऱ्हाना मीच घालतलंय. परिपत्रकच हा मां तसा?"

दुसऱ्या सभेला मंडप पहिल्यापेक्षा जास्त भरला. आक्षेप कुणी घेतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हेमांगीच्या दोन्ही बाजूंची जागा थोडी रिकामी राहिली. मग काकी येऊन तिथे बसली. नमिता परब यांनी ठराव वाचला, पाण्याबद्दलचं वाक्य जरा भरभर. सूर्याने यंत्र चालू केलं आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"परिपत्रकाप्रमाणे आता सामूहिक प्रार्थना," सरपंच म्हणाल्या. "बाबलकाका."

काकांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत, तेंच्या पाठीशी उभो रव..."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या पोराबाळांक सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या गुराढोरांक, बागांक, झऱ्याक पाणी दी..."

"व्हय म्हाराजा."

हेमांगीला कोपऱ्यातून पडदा दिसत होता. रेघ पायरी पायरीने चढत होती. काका थांबले. त्यांनी नारळ खाली ठेवला, जे ते कधीच मध्ये करत नसत.

"आणि बा देवा, ह्यो सडो, जेच्यात तुझा पाणी साठता, तो कंपनीक देवन टाकूचो असा म्हणतत. तर तो देवक ही तुझी लेकरा राजी हत?"

तोंडं उघडली होती. हेमांगीचंही. "व्ह" ओठांवर येऊन थांबला. इतक्या पिढ्यांत गाऱ्हाण्यात प्रश्न आला नव्हता.

"नाय म्हाराजा," काकी म्हणाली.

आणि मग एकदम, एका श्वासात, सगळा मंडप म्हणाला, "नाय म्हाराजा."

काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, आता छताला लागेल असं. तिसऱ्यांदाही. मग ठरल्या वेळी यंत्राने माप घेतलं, टिंग असा आवाज केला, आणि पडदा हिरवा झाला.

मेळ शंभर. ठराव मंजूर.

काही क्षण लोक नुसते वाचत राहिले. मग मागून एक बाई हसायला लागली आणि हसू मंडपभर पसरलं. नमिता परब हसल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे, मग सूर्याकडे, मग हेमांगीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय माहीत होतं ते हेमांगीला तेव्हाही कळलं नाही.

"वाचा सरपंचबाई, मोठ्यान वाचा," कुणीतरी ओरडलं. "आमी काय म्हटला आणि तेणी काय लिवल्यान, तां वाचा."

आता कुठल्याही प्रयोगशाळेला हे गोपनीय ठेवता येणार नव्हतं. अर्ध्या गावाच्या फोनमध्ये ते चित्रित झालं होतं. पण हेमांगीचं समाधान झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी "नाय म्हाराजा" म्हणताना तिचं तोंड तिने ठरवण्याआधी उघडलं होतं. तिला आठवलं, पहिल्या सभेत "व्हय" म्हणतानाही तसंच झालं होतं.

ती उठली. "काका, आता एकेकाक विचारा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. नारळ परत हातात घेताना त्यांचा चेहरा पंचविशीतल्या माणसासारखा उजळला होता. तो जरा मावळला. "सगळ्यांनी सांगला मां?"

"सगळ्यांनी एकदम सांगला, म्हणानच."

कुजबुज झाली. हिला झालंय काय, हिच्याच बाजूने बोलले की आता सगळे. काकांनी नारळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ते खाली, लोकांमध्ये बसले. "बरा. जेका बोलूचा आसात तेणी उठा. 'म्हाराजा' नको. नुसता बोला."

कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघत होते, जुन्या काळी हात वर करण्याआधी बघत तसे.

मग खांबाजवळ हालचाल झाली. सूर्या पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझा होय आसा," तो म्हणाला. "माका हंयच रवाचा आसा आणि हंय काम नाय. पाण्याचा काय करूचा तां बोलूया. पण माझा होय आसा. मगाशी मी सगळ्यांवांगडा नाय म्हटलंय, तां खोटा."

मंडप त्याच्याकडे वळला. ज्या नजरांनी हेमांगीच्या बाजूची जागा रिकामी ठेवली होती त्याच नजरा आता त्याच्यावर होत्या. तो मागे सरकू लागला.

"मागे सरू नको," हेमांगी म्हणाली आणि जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. "मी तुझ्या इरोधात आसंय. पण तू सगळा सांग."

छताला लावलेलं यंत्र बंद करायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. सूर्या बोलू लागला, अडखळत, मध्येच थांबत. कुणी त्याला तोडलं, कुणी त्याची बाजू घेतली, काकीने एक प्रश्न विचारला. खांबावरच्या पडद्यावर शंभरचा आकडा हलला आणि हळूहळू उतरू लागला.